गुळगुळीत वण

मोरू मुंबईहून आला तो आमच्याच मोटारीने. दासगावच्या बंदरात आगबोटीतून उतरून तो महाडपर्यंत चालत आला आणि तिथे पोलादपूरचं तिकीट काढून माझ्या वडिलांच्या सर्व्हिस मोटारीत चढायला गेला. आतल्या उतारूंनी त्याला बसू दिलं नाही. हा पळसकोंडच्या महारवाड्यातला, हे त्यांच्यापैकी दोघांना माहीत होतं, तेवढं पुरलं. ड्रायव्हरने त्याला टपावर सामानात बसवलं.

मोरूला ताप होता. गिरणीजवळच्या चाळीत शेजारच्या खोलीत देवी आल्या होत्या, हे सगळं मागाहून कळलं. महाड ते पोलादपूर तो टपावर वाऱ्यात, पोत्यांना धरून पडून होता. आत बसलेल्यांपैकी एकालाही देवी आल्या नाहीत. ज्यांनी त्याला आत घेतलं नाही ते वाचले, आणि देवाने राखलं असं सांगत फिरले.

त्या वर्षी मी मुंबईहून बी.एस्सी. होऊन परत आलो होतो. नोकरी लागेपर्यंत पोलादपूरच्या स्टँडवरच्या खोलीत बसून तिकिटं फाडायची, असं वडिलांनी ठरवलं होतं. स्टँडवर बसलं की तालुक्यातली प्रत्येक बातमी आपल्या पायांनी चालत येते. कशेडीच्या पायथ्याशी असलेल्या पळसकोंडात देवीची साथ आली, हीही तशीच आली. साथ येण्यात नवल नव्हतं, दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी येतेच. नवल वेगळंच होतं. पळसकोंडच्या सगळ्या मुलांना मागच्या हिवाळ्यात देवी काढल्या होत्या. गावठाणातल्या आणि महारवाड्यातल्या मुलांना एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच लशीने. आणि आता गावठाणात एकही मूल आजारी नव्हतं, तर महारवाड्यात घरटी एक अंथरुणावर होतं.

गावाने याचं उत्तर काढून ठेवलं होतं. महाडच्या तळ्याचं प्रकरण होऊन तीन वर्षं झाली होती. पळसकोंडचे काही पुरुष तेव्हा तळ्यावर जाऊन पाणी पिऊन आले होते. देवी कोपली ती त्यांच्यावर, म्हणून ती घरं वेचून येते. हे मला स्टँडवर चहा पिणाऱ्या शिकलेल्या माणसांनीही सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला त्या समाधानाचा राग यायचा, पण माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

ते तुळसाने आणून दिलं.

ती आणि तिचा नवरा रावजी एका सकाळी स्टँडच्या पलीकडे, मोटारीपासून लांब उभे होते. तुळसाच्या कडेवर चार वर्षांची आवडी होती. रावजीला मी ओळखत होतो. गावकीचा महार म्हणून सरकारी कागद, सरकारी पेट्या, सरकारी माणसांची वळकटी, सगळं त्याच्या डोक्यावरून पळसकोंडाला जायचं.

"शेट," तो म्हणाला, "हिला आनि पोरीला सव गावाला पाठवायची हाय, म्हाडापल्याड. हिचा भाऊ हाय तितं. टपावर बसतील."

"मुलीला बरं आहे ना?"

"आज बरी हाय," तुळसा म्हणाली. "काल पातूर मोरूच्या धाकटीसंगं खेळत व्हती. त्या पोरीच्या तोंडावर आज पुरळ आलाय. थोरला तर परवाच गेला."

"हिला देवी काढल्या आहेत का?"

"काढल्यात की. मोरूच्या पोरांना पन काढल्या व्हत्या," रावजी म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार करायला आधी काहीतरी आपल्या हक्काचं असावं लागतं.

मी आवडीचा दंड हातात घेतला. रावजीने इकडेतिकडे पाहिलं, कोणी बघत नाही ना म्हणून. दंडावर चार वण होते. मी ते उजेडाकडे फिरवून पाहिले. मग माझी बाही वर केली आणि माझे पाहिले.

देवी काढल्याचा खरा वण खोलगट असतो. त्यात टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात, आणि ते जन्मभर राहतात. आवडीचे वण सपाट होते. गुळगुळीत, चकचकीत, कडेला जरा काळसर. असाच एक वण माझ्या मनगटावर आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तापलेली काचेची नळी लागली होती, त्याचा.

"देवी काढल्या तेव्हा काय काय झालं, ते सांग," मी रावजीला म्हणालो. "डॉक्टरची पेटी तूच नेली होतीस ना?"

"मीच न्हेलती. आधी पाटलाच्या अंगनात काढल्या. डाक्तर पातं दिव्यात धरायचा, मंग वाटीतल्या पान्यात बुडवायचा, चुर्र वाजायचं. मंग लशीत, मंग पोराच्या दंडाला. सांजच्याला आमच्यात आला."

"तिथेही वाटीत बुडवलं?"

"वाटी कुठली?" तुळसा म्हणाली. "वाटी पाटलाची. बाटंल म्हनून त्यानं दिली नाय. आनि आमचं पानी डाक्तरला चालत नाय. दिव्यात धरायचं नि टेकवायचं. पोरं अशी बोंबलली की गुरं उठली. आमाला वाटलं, तसंच करत असतील. आठव्या दिशी आला, तो पायवाटेवरनंच दंड बघून गेला."

मी खोलीत जाऊन खुर्चीवर बसलो आणि लगेच उठून परत बाहेर आलो.

लस ही जिवंत वस्तू आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, चिनी मातीच्या गाळणीतूनही पार होते, पण उष्णतेपुढे टिकत नाही. उन्हात राहिली तरी मरते, म्हणून तर ती ओल्या फडक्यात गुंडाळून आणतात. तापलेल्या लोखंडाने उचललेल्या लशीत काही उरत नाही. महारवाड्यातल्या मुलांच्या दंडांवर उठले ते भाजल्याचे फोड होते. आठ दिवसांनी ते वाळले, खपल्या पडल्या, वण राहिले, आणि सरकारने समजायचं की मुलं राखली.

तुळसाला मी हे जितकं सोपं करून सांगता आलं तितकं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"म्हंजी माझी पोर कोरीच हाय?"

"हो. पण आता दोन दिवसांच्या आत खरी लस टोचली, तर आजार अडतो. निदान हलका होतो. हिला सवला नेऊ नका. आजार आत शिरला असेल तर तुझ्या भावाच्या मुलांना द्याल."

"मंग हितं ठेवून काय, मरनाची वाट बघू? शेट, सरळ सांगा. कुठं न्हेऊ हिला?"

"कुठेही नको. सयाजीराव डॉक्टर उद्या पळसकोंडात येणार आहे ना?"

"येनार हाय," रावजी म्हणाला. "पेटी मलाच न्यायची हाय. पन तो पाटलाच्या अंगनात येनार. आमच्यात नाय."

मोटारीने भोंगा वाजवला. तुळसा मोटारीकडे बघत राहिली, ती धूळ उडवत महाडच्या रस्त्याला लागेपर्यंत. मग आवडीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती पळसकोंडाच्या वाटेने परत फिरली.

दुसऱ्या दिवशी मी तिकिटांचं काम ड्रायव्हरच्या भावावर टाकून पळसकोंडाला गेलो. वडील म्हणाले होते, पाटील आपल्या मोटारीने कोर्टाला जातो, जपून बोल. मी जपून बोलायचं ठरवूनच निघालो होतो.

सयाजीराव हा तालुक्याचा देवी डॉक्टर. डॉक्टर नव्हे, लस टोचणारा, पण लोक डॉक्टर म्हणत. खाकी कोट, पायात वहाणा, खिशात मुलांसाठी गुळाचे खडे. उन्हापावसात डोंगर चढून वाड्या करणारा माणूस, आळशी नव्हता, पैसे खाणारा नव्हता. मी पोहोचलो तेव्हा पाटलाच्या अंगणातली मुलं दंड फुंकत उभी होती. साथीच्या भीतीने सगळ्यांना पुन्हा टोचलं होतं, ज्यांच्या दंडावर खरे वण होते त्यांनाही. घोंगडीवर पितळेची वाटी होती, आणि सयाजीराव पेटी बंद करत होता. कुंपणाबाहेर रावजी डोक्यावरची फडक्याची चुंबळ मांडीवर घेऊन बसला होता.

"नासिरभाई, तुम्ही इकडे?" सयाजीराव म्हणाला. "मोटार बंद पडली काय?"

"महारवाडा राहिला."

"तिथलं काम झालंय हो. हिवाळ्यात. सगळ्यांचे फोड धरले होते, आठव्या दिवशी येऊन पाहिले मी."

"कुठून पाहिले?"

"कुठून म्हणजे? दंड वर करायला लावले, पाहिले."

"पायवाटेवरून," मी म्हणालो.

मालोजी पाटील ओटीवर सुपारी कातरत बसला होता. "मग काय, एकेकाला मांडीवर घेऊन बघायचं होतं?" तो म्हणाला. अंगणात हशा झाला. दंड फुंकणारी पोरंही हसली.

मी सयाजीरावाला वणांचं सांगितलं. वाटीचं सांगितलं. मला वाटत होतं तो भांडेल. तो भांडला नाही. त्याने वाटीकडे पाहिलं, मग पेटीतल्या दिव्याकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्याला कळलं होतं. लस कशाने मरते हे त्याला माझ्याइतकंच शिकवलेलं होतं.

"वाटी पाटलांची होती," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"वाटी नसली तर पातं हवेत धरायचं. गार होईपर्यंत थांबायचं."

"दिवस कलला होता, नासिरभाई. महारवाड्यातून आलो की आंघोळ केल्याशिवाय घरात जाता येत नाही. थंडीचे दिवस. परत पोलादपूर गाठायचं." मोटार का उशिरा सुटली हे उतारूला समजावून सांगावं, तसं तो सांगत होता. त्याला हे कारण पुरेसं वाटत होतं. मला वाटतं, अंगणातल्या सगळ्यांनाच वाटत होतं.

"मुंबईहून रोग आणला मोरूनं," पाटील म्हणाला. "तळ्यावर जाऊन देवी कोपवली ह्यांनी. आणि खोट काय, तर पात्याची. मियाँ, तुम्ही आपली मोटार चालवा. पोरं टोचायचं सरकार बघेल."

जपून बोलायचं मी विसरलो.

"सरकारलाच दाखवतो," मी म्हणालो. "लशीवरचे साहेब तपासणीला येतात ते आमच्याच मोटारीने येतात. या खेपेला स्टँडवर दोन रांगा उभ्या करतो. एका रांगेत तुमची मुलं. दुसऱ्या रांगेत महारवाड्यातली, त्यातली जी उरतील ती. साहेबांना वण ओळखता येतात."

सयाजीरावाने पेटीचं झाकण पुन्हा उघडून नळ्या पाहिल्या.

"लस थोडीच उरलीय."

"तेवढी पुरेल."

"वाटी मिळणार नाही," पाटील म्हणाला, आणि सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

मी घरून उकळून गार केलेलं पाणी किटलीत आणलं होतं. ते पुढे केलं. सयाजीरावाने अगदी नम्रपणे मान हलवली. "तुमचं पाणी कसं चालेल मला? रागावू नका. उद्या हेच पातं गावात फिरायचं." असं म्हणून त्याने पेटी उचलून कुंपणापाशी ठेवली, आणि रावजीने ती डोक्यावर घेतली. लस ज्या पेटीत होती, पातं ज्या पेटीत होतं, ती पेटी रावजीच्या डोक्यावरून पोलादपूरहून आली होती, आणि तिला काही झालं नव्हतं. बाटणार होतं ते फक्त पाणी.

महारवाड्यात जवळजवळ प्रत्येक दाराला कडुनिंबाचा डहाळा होता. मोरूच्या घरात कोणीतरी एकसुरात कण्हत होतं. तो स्वतः वाचला होता. पाठीवर ऊन घेत, सालं निघालेल्या तोंडाने, तो दाराशी बसून होता आणि कोणाकडे बघत नव्हता. बाकीच्या बायका मुलांना घेऊन जमल्या. मुलांना मागचं आठवत होतं. दिवा पेटवलेला दिसताच लहान पोरं आयांच्या पदरात शिरली.

तुळसा आवडीला घेऊन पहिली बसली.

सयाजीरावाने पातं ज्योतीत धरलं, बाहेर काढलं, आणि हात सवयीने सरळ लशीच्या तबकडीकडे गेला.

"थांबा," तुळसा म्हणाली. तिने आवडीला मागे केलं आणि आपलं मनगट पुढे केलं. "आधी माझ्या हाताला लावा."

"अगो, हे काय?"

"लावा. पोळलं नाय तर पोरीला लावा."

तो पातं मागे घेणार, तेवढ्यात तिनेच मनगट पुढे सरकवून टेकवलं. कातडी करपल्याचा बारीक आवाज आला. तिने हात काढला नाही. "गरम हाय," ती म्हणाली.

आता पातं तिला लागलं होतं. सयाजीरावाने ते पुन्हा ज्योतीत धरलं. बाहेर काढलं. तिने पुन्हा मनगट पुढे केलं, पुन्हा टेकवलं. "अजून गरम हाय." तो पुन्हा ज्योतीकडे वळला. मी हे बघत होतो. अंगाला लागलेलं पातं जाळून घ्यायचं, हे माझं शास्त्रही सांगत होतं आणि त्याचा धर्मही. असंच चाललं असतं तर ते पातं कधीच गार झालं नसतं.

तुळसाला ते माझ्या आधी दिसलं.

"मंग तुमच्याच हाताला लावा," ती म्हणाली. "तुमचा तुमाला बाटत नाय ना?"

रावजीने मान खाली घातली. सयाजीराव हसल्यासारखं करून म्हणाला, "मला कळतं हो गार झालेलं."

"मागल्या येळी नाय कळलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीतला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून त्याच्यापुढे धरला. त्याने कोटाची बाही सारली, मनगट पुसलं, वाळू दिलं. मग पातं ज्योतीत धरून काढलं, आणि महारवाड्यातल्या सगळ्या बायकांच्या देखत ते आपल्या डाव्या मनगटाला लावलं.

त्याचा हात असा झटकन मागे गेला की पातं खाली पडता पडता राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. मनगटावर लाल चट्टा उठला.

आवडी त्याच्याकडे टक लावून बघत होती. "पोळलं?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

या खेपेला ज्योतीतून काढलेलं पातं त्याने हवेत धरलं आणि तो थांबला. कावळे ओरडत होते, मोरूच्या घरातलं कण्हणं चालू होतं. त्याने पातं मनगटाला लावलं, लावून ठेवलं, आणि मान हलवली. मग लस, मग आवडीचा दंड. तिने नाक मुरडलं, पण रडली नाही.

प्रत्येक मुलाच्या वेळी तुळसा समोर उभी राहिली आणि प्रत्येक वेळी त्याने आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. ज्यांना ताप चढला होता त्यांनाही टोचलं, उपयोग होईल न होईल. तो जो थांबला, तो सगळा वेळ एकत्र केला तरी फार नाही. पोलादपूरला आमची मोटार एखाद्या सावकाराची वाट बघत त्याहून जास्त वेळ उभी असते. तेवढा वेळ हिवाळ्यात कोणाजवळ नव्हता. मोरूचा थोरला तेवढ्यासाठी गेला.

आठव्या दिवशी सयाजीराव तपासायला आला तेव्हा मीही गेलो. मधल्या दिवसांत मोरूची धाकटी गेली होती, आणि ज्यांना आधीच ताप होता त्यांच्यातलं एक मूल. त्यांच्यापर्यंत आपण उशिरा पोहोचलो. आपण म्हणजे कोण, हा विचार मी वाटभर करत होतो.

सयाजीराव पायवाटेवर थांबला. "दंड वर करा रे," तो म्हणाला.

मुलांनी दंड वर केले. तुळसाने आवडीचा हात धरून खालीच ठेवला.

"हितं येऊन बघा," ती म्हणाली.

तो जरा घुटमळला. मग वहाणा वाजवत आला आणि वाकला. आवडीच्या दंडावर मोत्यासारखे फोड होते, टपोरे, मधे खळगा पडलेले, भोवती लाल कडं. पुस्तकात असतात तसे. तिला ताप येऊन गेला होता, त्या फोडांचाच, आणि आता ती मातीत बसून गुळाचा खडा चघळत होती.

"छान धरलंय," सयाजीराव म्हणाला, आणि त्याला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. तो सरळ होताना कोटाची बाही वर सरकली. मनगटावरची खपली पडून गेली होती. खाली वण होता, सपाट, गुळगुळीत, चकचकीत.

तुळसाने तो पाहिला. तिने आवडीचा जुना वण त्याच्या मनगटाशेजारी धरला, अगदी जवळ, पण न लावता.

"हा तुमचा पन धरला म्हनायचा का, डाक्तर?"

त्याने बाही खाली ओढली. काही वेळ तो पेटीच्या कड्या उगाच लावत-काढत राहिला. मग नेहमीसारखं रावजीकडे न बघता म्हणाला, "चल, उचल. ऊन चढायच्या आत निघू."

रावजी जागचा हलला नाही. चुंबळ त्याच्या मांडीवर होती. ती त्याने उलगडली, झटकली आणि खांद्यावर टाकली.

"आज तुमीच न्या," तो म्हणाला. "हलकी हाय. लस संपलीय."

सयाजीराव माझ्याकडे बघत राहिला, मी काही बोलेन म्हणून. शेवटी त्याने पेटी उचलली आणि पायवाटेला लागला. उतारावर पोहोचेपर्यंत त्याने ती एका हातातून दुसऱ्या हातात कितीदा तरी घेतली. पोळलेल्या डाव्या हाताने त्याला फार वेळ धरवत नव्हती.